आजोबांचा सॅक्सोफोन पेटीतून काढताना

सर, नमस्कार. आम्ही मालवणला राहतो. माझे सासरे मुंबईत लग्नाच्या बँडमध्ये आल्टो सॅक्सोफोन वाजवायचे. गावी परतले तेव्हा वाद्य सोबत घेऊन आले. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून पेटी माळ्यावरच होती. माझी मुलगी आता आठवीत आहे आणि तिला आजोबांचाच सॅक्सोफोन शिकायचा आहे. पेटी उघडली तर वाद्य काळपट पडलंय, दोन-तीन चाव्या चिकटून बसल्यात, तोंडात धरायचा भाग हिरवट झालाय आणि त्याला उग्र वास येतो. सासूबाई म्हणतात, चिंचेनं घासून काढू या, खंडेनवमीला पूजेत लखलखीत दिसेल. मुलगी म्हणते, आधी वाजवून तर बघू. मला दोन्हीची धास्ती वाटते. काय करावं? आणि दुरुस्त झालाच, तर तो पुढे तिच्या हातात टिकावा म्हणून काय करायचं?
— एक आई, मालवण

ताई,

तुमची धास्ती अगदी रास्त आहे. चिंचही नको आणि वाजवणंही नको, निदान एखाद्या जाणकाराच्या नजरेखालून वाद्य जाईपर्यंत तरी. चिकटलेली चावी बोटानं किंवा सुरीच्या टोकानं उचकटायलाही जाऊ नका. मुलीला सांगा, एवढा दम धर; घाईत एखादं पॅड फाटलं किंवा चावी वाकली तर थांबायचे दिवस आणखी वाढतील.

आधी चिंचेचं सांगतो, कारण सासूबाईंच्या म्हणण्यात माया आहे आणि त्यांना नुसतं "नको" म्हणून भागणार नाही. तांब्याचा हंडा किंवा पितळेची समई चिंचेनं घासली तर काही बिघडत नाही, कारण ते सबंध एकाच धातूचं भांडं असतं. सॅक्सोफोनचं तसं नाही. नळी पितळेची खरी, पण तिच्यावर बहुतेक वेळा लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशासारखा, पातळ थर असतो आणि त्या नळीवर पंचवीसएक झाकणं बसवलेली असतात. प्रत्येक झाकणाच्या आत एक पॅड असतं: खाली पुठ्ठा, वर लोकरीचा नमदा, त्यावर पातळ कातडं. झाकणं हलवणाऱ्या दांड्या आणि स्प्रिंगा पोलादाच्या. जिथं धातूवर धातू आपटेल तिथं बूच किंवा नमद्याचा तुकडा. आणि पॅड झाकणात चिकटवलेलं असतं ते लाखेनं. हीच ती लाख, जिच्या बांगड्या होतात आणि जिनं पूर्वी टपालाच्या पिशव्यांना मोहर करायचे. आता यावर चिंचेचं पाणी ओतलंत तर पितळ उजळेल, पण ते आंबट पाणी दांड्यांत शिरेल, स्प्रिंगा गंजतील, कातडं आखडेल. भांडी घासायच्या पावडरीनं तर लॅकर खरवडून निघतं आणि बारीक कण सांध्यांत बसून पोलाद झिजवत राहतात. लखलखीत दिसेल, पण वाजणार नाही.

सासूबाईंना हेही सांगा की काळपटपणा हा रोग नाही. हवा लागून पितळ काळवंडतं, तेवढंच. मी स्वतः वाजवतो तो सॅक्स जुन्या समईसारखा तपकिरी आहे आणि त्याच्या सुरात काडीचा फरक पडलेला नाही. लक्ष ठेवायचं ते गुलाबी ठिपक्यांवर. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ओलाव्यानं त्यातलं जस्त निघून जाऊ लागलं की मागे तांबूस-गुलाबी डाग उरतो आणि तिथला पत्रा आतून कमजोर होतो. हे बहुधा नेकमध्ये, म्हणजे वरच्या वाकड्या नळीत आधी दिसतं, कारण तोंडातली वाफ तिथंच पहिल्यांदा लागते. नेक उजेडात धरून आतबाहेर बघा आणि तसं काही दिसलं तर दुरुस्तीवाल्याला दाखवा.

अडोल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिरानं पॅरिसमध्ये 1846 साली या वाद्याचं पेटंट घेतलं. सैन्याच्या बँडात, उघड्या मैदानावर ऐकू जावं असं वाद्य त्याला हवं होतं. म्हणून त्यानं नळी पितळेची केली आणि सूर मात्र क्लॅरिनेटसारखा रीडवर, म्हणजे फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ पट्टीवर काढला. म्हणूनच पितळेचा असूनही सॅक्सोफोन लाकडी सुषिरवाद्यांच्या घराण्यात मोजतात. तुमच्या कामाचा मुद्दा असा, की पितळी नळी शंभर वर्षंही सहज टिकते. मरतं ते कातडं, नमदा, बूच आणि स्प्रिंग. जपायचं ते यांना, आणि या सगळ्यांचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे ओल.

आता दुरुस्ती. मालवणहून तुम्हाला गोवा जवळ पडेल. तिथं पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमधून मुलांना नोटेशन वाचायला आणि वाद्यं वाजवायला शिकवत आले. मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवणारे कितीतरी वादक त्याच शाळांतून गेलेले. त्यामुळे ही वाद्यं हाताळणारी माणसं गोव्यात मिळतात. नाहीतर मुंबईत धोबी तलावाच्या आसपास चौकशी करा. सासऱ्यांच्या बँडातलं कुणी हयात असेल तर आधी त्यांनाच फोन लावा. वाद्य कुणाकडे नेत होते हे त्यांना नक्की आठवत असेल. कुरियरनं पाठवू नका. गाडीत मांडीवर घेऊन बसा, डिकीत टाकू नका.

दुरुस्तीवाल्याकडे गेलात की त्याला सांगा, "लाइट टाकून दाखवा." हे तुम्ही डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. तो खोलीत अंधार करेल, नळीत एक लांब बारीक दिवा सोडेल आणि एकेक झाकण हलक्या बोटानं बंद करेल. पॅड नीट बसत असेल तर कडेला काळोख. जरा जरी फट असेल तर तिथून केसाएवढी उजेडाची रेघ दिसते. त्या रेघेतून हवा निसटते, आणि मग खालचे सूर, सी, बी, बी-फ्लॅट, कितीही फुंकलं तरी घोगरे लागतात. नवी मुलं बिचारी समजतात की आपल्याच फुंकीत दम नाही. शिकायला आलेल्या कितीतरी मुलांना मी त्या कमीपणातून बाहेर काढलंय, नुसता दिवा आत टाकून.

तुमचं वाद्य अकरा वर्षं बंद होतं, त्यामुळे कातडं वाळून कडक झालं असणार आणि नमद्याला कसरही लागली असेल. लोकर म्हटली की कसर आलीच. बहुधा सगळी पॅडं बदलावी लागतील. खर्च बऱ्यापैकी येईल, तयारी ठेवा. पण सगळी बदलायला हवीत का, हे उजेडात बघून ठरवा, आणि आकडा आधी विचारून घ्या. एका गोष्टीला मात्र साफ नकार द्या. "ताई, बफ मारून नवं लॅकर चढवून देतो, शोरूमसारखा होईल," असं कुणी म्हणालं तर हात जोडा. बफ मारताना पत्रा झिजतो, भोकांच्या कडा बोथट होतात, बेलवरची, म्हणजे खालच्या रुंद तोंडावरची, कोरीव नक्षी पुसट होते. आणि वाद्य चांगल्या कंपनीचं निघालं तर किंमतही पडते. अंगठा अडकवायच्या हुकाच्या आसपास, मागच्या बाजूला नंबर कोरलेला असतो. तो लिहून ठेवा, बेलवरच्या नावाचा फोटो काढून ठेवा. सासऱ्यांनी काय जपून ठेवलं होतं, हे त्यावरून कळेल.

हिरवट झालेला माउथपीस एबोनाइटचा असणार. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ऊन, उष्णता आणि वर्षानुवर्षांची हवा लागली की ते गंधक वर येतं, रंग हिरवा-तपकिरी होतो, वास सुटतो, चव आंबट-कडू लागते. काहीजणी निर्जंतुक करायचं म्हणून उकळत्या पाण्यात टाकतात; तेवढं करू नका, एका मिनिटात तो आणखी हिरवा होईल आणि वाकडाही होऊ शकतो. मुलीला सुरुवातीला साधा नवा प्लास्टिकचा माउथपीस घेऊन द्या, नवशिक्याला तो उत्तम. आजोबांचा साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा, पुसा, आणि कापडात गुंडाळून ठेवून द्या. तिचे ओठ तयार झाले की शिक्षकांना दाखवून पुढचं ठरवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, रोज काय करायचं. माझ्या हिशेबानं वाद्याचं आयुष्य वाजवून झाल्यानंतरच्या पाच मिनिटांत ठरतं. वर्षातून एकदा केलेल्या पॉलिशनं काही होत नाही.

तासभर वाजवलं की नळीच्या आत अक्षरशः पाणी साठतं. सगळ्यात जास्त खालच्या वळणात. माउथपीस काढल्यावर आधी वाद्य तिरकं करून बेलमधून ते पाणी ओतून टाकायचं. मग दोरीला वजन बांधलेलं सुती फडकं घ्यायचं, वजन बेलमध्ये सोडायचं, वाद्य हळूहळू उलटं करायचं. वजन वळण ओलांडून वरच्या टोकातून बाहेर येतं. दोरी धरून सावकाश ओढायचं, असं दोन-तीनदा. वरच्या अरुंद भागात एक बारीक नळी आतल्या बाजूला डोकावत असते, ऑक्टेव्हच्या, म्हणजे वरच्या सप्तकाच्या, भोकाची. फडकं तिथं अडकू शकतं. अडकलं तर झटका मारायचा नाही, परत खाली ओढून घ्यायचं. म्हणून दोन्ही बाजूंना दोरी असलेलं फडकं बरं. नेकसाठी वेगळं, छोटं.

मग पॅडं. काही झाकणं विश्रांतीच्या वेळी उघडी असतात, ती आपोआप वाळतात. काही मात्र कायम बंद असतात: जी-शार्प, खालचा सी-शार्प, ई-फ्लॅट. ओल तिथं कोंडून राहते आणि कातडं भोकाच्या कडेला चिकटतं. जी-शार्प तर हमखास. त्या झाकणाला बोट थेट उचलत नाही. आपण चावी दाबतो तेव्हा फक्त त्याच्यावरचा दाब निघतो आणि ते एका नाजूक स्प्रिंगेच्या जोरावर वर येतं. जरा चिकटपणा आला की स्प्रिंग हरते. मुलगी चावी दाबेल जी-शार्पची आणि ऐकू येईल नुसता जी. सिगारेटचा पातळ कागद किंवा कॉफी गाळायचा कागद झाकणाखाली सरकवायचा, बोटानं हलकं दाबायचं, झाकण उचलायचं आणि मगच कागद काढून घ्यायचा. दाबून धरून कागद खेचणारे बरेच असतात; त्यानं कातड्याची वरची साय निघते.

पाण्यापेक्षा वाईट ते गोड पाणी. लग्नसराईत वरात थांबली की कटिंग चहा येतो, आणि वादक घोट घेऊन लगेच वाद्य तोंडाला लावतो. चहातली साखर थुंकीबरोबर पॅडवर जाते आणि वाळली की डिंक होतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बँडच्या वाद्यांत निम्मी चिकटलेली पॅडं चहाची असतात. शाळेच्या बँडात चहा नसेल, पण सरबत आणि बिस्किटं असतीलच. नियम सोपा: खाल्लं-प्यायलं तर चूळ भरायची, मगच वाजवायचं.

रीड म्हणजे बोरूसारख्या पोकळ गवताची तासलेली पट्टी. एकच सतत वाजवू नका. तीन-चार आळीपाळीनं वापरा, साध्या पाण्यात धुवा, पुसून सपाट डबीत ठेवा. माउथपीसवर तशीच राहिली तर पावसाळ्यात दोन दिवसांत तिला बुरशी येते. टोक फुटलं की फेकून द्या.

जोडताना नेकचा स्क्रू आधी सैल करायचा, मग नेक हलका फिरवत बसवायचा. नेकवरच्या चावीची पट्टी मुठीत आवळायची नाही. ती वाकली की वरचे-खालचे सूर एकमेकांत मिसळतात. नेकच्या टोकाला माउथपीस बसतो तिथल्या बुचाला कॉर्क ग्रीस लावायचं, आणि माउथपीस रोज काढून ठेवायचा, नाहीतर बूच दबून बसतं आणि माउथपीस डुगडुगू लागतो. गळ्यातल्या पट्ट्याची कडी मात्र दर वेळी बघायची. प्लास्टिकची असेल तर बदलूनच टाका. कडी तुटून फरशीवर आपटलेला सॅक्स सरळ करणं ही माझ्या कामातली सगळ्यात दुःखाची गोष्ट आहे.

पेटीबद्दल. तुमच्याकडे खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, म्हणून हे महत्त्वाचं. ओलं फडकं पेटीत ठेवू नका, ते दोरीवर वाळत घाला. चाव्यांच्या वर वह्या, पट्टा, पाण्याची बाटली असं काही दडपू नका. झाकण बंद करताना तोच भार चाव्यांवर येतो. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या वेळोवेळी बदला. डांबरगोळ्या नकोत, तो वास नमद्यात मुरतो आणि मुलीला तेच हुंगत वाजवावं लागेल. ऊन दाखवायचं ते वाद्य बाहेर काढून नुसत्या रिकाम्या पेटीला. वाद्याला पंख्याची हवा पुरे. आणि माळ्यावर नको ताई, पत्र्याखालची मे महिन्यातली उष्णता ताप देते. मी ऐन विशीत नाशिकला एका लग्नात वाजवायला गेलो होतो. जेवायला बसलो आणि पेटी टेम्पोच्या केबिनमध्ये, काचा लावून, उन्हात राहिली. वरातीला उभा राहिलो तर खालचे सूरच नाहीत. उघडून बघतो तो लाख मऊ पडून दोन पॅडं झाकणात तिरकी झालेली. सगळी वरात वरच्या सुरांत काढली. त्या दिवसापासून मी वाद्याशिवाय जेवायला बसत नाही. पेटी पायाशी असते.

तेल वर्षातून दोनदा, दांड्यांच्या सांध्यात, सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब. वाद्यांचंच तेल आणा. खोबरेल नको, थंडीच्या सकाळी बाटलीत ते गोठतं तसंच सांध्यातही गोठेल. बिजागऱ्यांवर मारायचा स्प्रेही नको, तो पातळ असतो आणि वाहत पॅडवर जातो. त्याच तेलाचा ओझरता हात बारीक ब्रशनं स्प्रिंगांवर फिरवा, कारण समुद्राकाठी त्या आधी गंजतात. कार्यक्रमात एखादी तुटली तर रबर बँड लावून वेळ निभवता येते, पण घरी आल्यावर तो त्याच रात्री काढा. रबराचा डाग धातूवर बसतो.

गणपतीत शाळेचा बँड मिरवणुकीत असेल तर गुलाल येणारच. ओल्या फडक्यानं पुसू नका, तेलात मिसळून त्याचा लगदा होतो. रंगाचा नवा, मऊ, कोरडा ब्रश घ्या आणि आधी सगळा गुलाल झटकून काढा. पावसात मात्र तिला वाजवू देऊ नका, शिक्षकांना तसं स्पष्ट सांगा.

आणि खंडेनवमीची पूजा जरूर करा. मी दर वर्षी करतो. वाद्य पाटावर उघडं न ठेवता पेटीत, झाकण उघडून ठेवा. हळद-कुंकू पेटीच्या कडीला लावा, फार तर बेलच्या बाहेरच्या काठाला कोरडं बोट टेकवा. चाव्यांवर अक्षता टाकू नका, एक तांदूळ झाकणाखाली गेला तरी सूर अडतो. पाणी शिंपडायचं ते पाटाभोवती. झेंडूची फुलं पेटीच्या बाहेर. सासूबाईंनाच सांगा, पूजेआधी मऊ कोरड्या सुती धोतराच्या तुकड्यानं त्यांनी ते अंग हलक्या हातानं पुसावं. चिंचेइतकी चमक येणार नाही, पण हात त्यांचाच फिरेल.

दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आलात की लाइट टाकल्यावर किती पॅडांतून उजेड आला आणि नेकमध्ये गुलाबी ठिपके होते का, ते कळवा. बेलवरचं नाव आणि नंबरही लिहा. मग सगळी पॅडं बदलायची की निवडक, ते आपण पुढच्या पत्रात ठरवू.